मांडवाच्या दारातली अस्पृश्यता

भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा खंड महाराष्ट्रातल्या प्रत्येक मंडळाच्या मांडवावर, प्रत्येक नाट्यगृहाच्या तिकीट-खिडकीवर आणि प्रत्येक बारच्या दारावर ठळक अक्षरांत लिहून ठेवला पाहिजे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकानात, उपाहारगृहात, हॉटेलात किंवा सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी जाण्यापासून अडवता येणार नाही, असं तो सांगतो. लगेच पुढे विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते येतात. चवदार तळ्याचं पाणी १९२७ साली ज्यांनी ओंजळीत घेतलं, तेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष होते. तळ्याच्या शेजारी करमणुकीची जागा आली, याचा अर्थ आपण आजवर नीट वाचलेलाच नाही. चार लोकांत बसून गाणं ऐकणं, नाचणं, मोठ्यानं हसणं हा माणूस म्हणून जगण्याचा भाग आहे. तिथून एखाद्याला हाकलणं म्हणजे त्याला पाणवठ्यावरून हाकलणंच.

आणि आपण हाकलतो आहोत. उघडपणे, अभिमानानं, संस्कृतीचं नाव घेऊन हाकलतो आहोत.

२०२५ च्या नवरात्रात विश्व हिंदू परिषदेनं महाराष्ट्रातल्या गरब्याच्या आयोजकांना सूचना दिल्या. प्रवेश फक्त हिंदूंना द्या, दारात आधार कार्ड तपासा, येणाऱ्याच्या कपाळी टिळा लावा, अंगावर गोमूत्र शिंपडा. त्यावर सत्तेतल्या माणसांनी संविधान दाखवायला हवं होतं. उलट, अटी ठरवणं हा आयोजकांचा अधिकार आहे, असा सूर मंत्र्यांकडूनच निघाला. ज्या मैदानावर हा गरबा होतो ते बहुधा महापालिकेचं, बंदोबस्ताचे पोलीस सर्वांच्या करातून पगार घेणारे, आणि मांडव घालणाऱ्या, ढोल वाजवणाऱ्या, चनियाचोळीवर आरसे लावणाऱ्या हातांत किती मुसलमान असतात हे आयोजकांना पुरतं ठाऊक असतं. त्या हातांची मजुरी चालते. त्या हातांत टिपऱ्या चालत नाहीत.

ज्यांना महाराष्ट्राच्या सार्वजनिक नवरात्राचा इतिहास माहीत आहे त्यांना हे पाहून लाज वाटली पाहिजे. दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्य मानल्या गेलेल्यांनाही पूजेचा हक्क हवा, म्हणून १९२६ साली प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले आणि त्यांचे सहकारी उभे ठाकले. वर्गणी सगळ्या जातींची आणि देवाजवळ जाणार मोजकेच, हा अन्याय त्यांनी भर मांडवात बोलून दाखवला. त्या संघर्षातूनच दादरला शिवभवानीचा सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू झाला. ज्या उत्सवाचं मूळ बंद दार उघडण्याच्या हट्टात आहे, त्याच उत्सवाच्या दारात शंभर वर्षांनी ओळखपत्र पाहून माणूस वेगळा काढला जातो. प्रबोधनकारांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या पक्षांपैकी किती जण त्या दिवसांत मैदानावर जाऊन म्हणाले, की इथे येणाऱ्याचा धर्म कोणी विचारायचा नाही?

द्वेषाला दारच लागतं असंही नाही. शिर्डीत २०१५ साली लग्नासाठी आलेल्या एका दलित तरुणाच्या मोबाइलवर बाबासाहेबांचं गाणं वाजलं, त्यावरून वाद झाला आणि त्याचा जीव घेतला गेला, असा गुन्हा नोंदला गेला. नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत २०२३ च्या जूनमध्ये एका वरातीच्या वेळी दलित तरुणाचा खून झाला. गावात आंबेडकर जयंती साजरी केली, मिरवणूक काढली, याचा राग त्यामागे होता, असं फिर्यादीत म्हटलं आहे. ज्या रस्त्यावरून तुमची वरात तलवारी नाचवत जाऊ शकते, त्याच रस्त्यावर दुसऱ्याच्या आनंदाची मिरवणूक तुम्हाला सहन होत नाही. गुलाल कोणी उधळायचा, डीजे कोणासाठी वाजायचा, रात्री चौकात कोणी नाचायचं, हे अजूनही आपल्या गावांत जात ठरवते.

पण या सगळ्याचं सर्वांत जुनं, सर्वांत उघडं आणि सर्वांत दुर्लक्षित रूप आपल्या तमाशाच्या फडात आहे, म्हणून तिथे जरा थांबतो.

ढोलकी, गण-गौळण, बतावणी, वग या गोष्टींचा आपल्याला केवढा अभिमान! महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात लावणी हवी, परदेशातल्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात लावणी हवी, चित्रपटात तर हवीच हवी. ही कला जगवली कोणी? महार, मांग, कोल्हाटी आणि अशाच समाजांतल्या माणसांनी, ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं होतं. रात्री त्यांची कला पाहायची आणि सकाळी त्यांच्या सावलीचा विटाळ मानायचा, हा आपल्या रसिकतेचा इतिहास आहे. कुलकर्णी घराण्यातला एक ब्राह्मण पठ्ठे बापूराव होऊन फडात आला आणि महार समाजातल्या नर्तकी पवळेबरोबर उभा राहिला, तेव्हा त्याच्या कवनांची वाहवा करणाऱ्यांनी त्याला जातीबाहेर टाकलं. पवळेला टाकण्याची गरजच नव्हती, ती जन्मतःच बाहेर होती.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट आपण किती कौतुकानं सांगतो. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तेव्हा मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. ही गोष्ट सांगताना आपला ऊर भरून येतो आणि कलेवरच्या निष्ठेची ती कथा ठरते. मला त्यात समोर बसलेल्या पब्लिकचं वर्तन दिसतं. नऊ महिन्यांची गर्भारशी बाई नाचते आहे हे पाहून कार्यक्रम थांबवा म्हणणारा एकही माणूस त्या गर्दीत नव्हता का? राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेल्या या कलावतीचे शेवटचे दिवस हलाखीत गेले, दवाखान्याच्या बिलासाठी लोकांपुढे हात पसरावा लागला. २००२ साली त्या गेल्या. नंतर सरकारनं त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. जिवंत बाईला जे दिलं नाही ते तिच्या नावाला दिलं.

आणि फडात नाच्याचं काम करणाऱ्या पुरुषाचं काय केलं आपण? गणपत पाटील यांनी मराठी पडद्यावर ती भूमिका इतकी अचूक वठवली, की लोकांनी नटाला आणि भूमिकेला एकच मानलं. संसारी गृहस्थाला रस्त्यात टोमणे सोसावे लागले, घरच्यांनाही झळ लागली. पुरुषाच्या अंगात जराशी लचक दिसली की त्याची टवाळी करायची, अंगाला हात लावायचा, अंधारात गाठायचं, हा आपल्या गावोगावच्या यात्रांतला चालत आलेला अत्याचार आहे. आनंद यादवांची ‘नटरंग’ कादंबरी आणि २०१० साली आलेला चित्रपट पाहून आपण हळहळलो. त्यानंतर आपल्या गावच्या यात्रेत काय बदललं?

किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहून नाचणाऱ्या आईच्या मुलाला शाळेत, वसतिगृहात, वैद्यकीय महाविद्यालयात बापाच्या नावासाठी कसं सोलून काढलं जातं, ते आपल्यापुढे ठेवलं. ते वाचूनही आपण नावाचाच प्रश्न विचारत राहिलो. २०२३ साली गौतमी पाटील या तरुण नर्तिकेला काही लोकांनी बजावलं, की ‘पाटील’ आडनाव लावू नकोस, समाजाची बदनामी होते. त्याच वर्षी कपडे बदलतानाचं तिचं चोरून केलेलं चित्रण समाजमाध्यमांवर पसरवलं गेलं. ते पसरवणाऱ्या हजारो पुरुषांपैकी एकालाही कोणी आडनाव बदलायला सांगितलं नाही. तिच्या नाचाबद्दल ज्याला जे वाटायचं ते वाटो, टीका करायचा हक्क सर्वांना आहे. पण नाचणारीला कपडे बदलायला चार भिंती मिळाव्यात, याबद्दल मतभेद असूच शकत नाही. गावोगाव आजही फडातल्या बायका ट्रकच्या आडोशाला किंवा फाटक्या कनातीमागे पातळ नेसतात. कनातीला भोक पाडून डोळा लावणारे त्याच गावातल्या प्रतिष्ठित घरांतले असतात, आणि सुपारी देणाऱ्या यात्रा कमिटीला हे ठाऊक असतं. तरीही एखादी खोली, एखादी शाळा, निदान धड पत्र्याचा आडोसा, हे त्या व्यवहारात कधी येत नाही.

जुलै २०२५ मध्ये दौंड तालुक्यातल्या लावणीच्या एका कलाकेंद्रात गोळीबार झाला. अटक झालेल्यांत एका आमदाराचा भाऊ होता. अशा प्रत्येक प्रसंगानंतर पहिली मागणी होते ती कलाकेंद्रं बंद करण्याची. बंदूक घेऊन आत येणाऱ्याला दारात थांबवा, असं म्हणणारे मागे पडतात. ज्यांच्यावर गोळी रोखली जाते त्यांचीच चूल विझवायची, ही आपली न्यायाची रीत झाली आहे.

आपल्या सुधारणेच्या परंपरेनंही इथे मोठा अपराध केलेला आहे, आणि तो तिच्या वारसांनीच बोलून दाखवला पाहिजे. नाच वाईट, नाचणारी वाईट, तिला हटवलं की समाज शुद्ध झाला, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मोठमोठे लोक मानत आले. स्वातंत्र्य मिळाल्यावर मुंबई सरकारनं तमाशाला आधी बंदीचा बडगा दाखवला आणि मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली सुधारणेसाठी समिती नेमली. वग तपासून घेण्याची सक्ती झाली. कलावंतांच्या तोंडची भाषा धुऊन काढण्यात जेवढी शक्ती खर्च झाली, तेवढी त्यांच्या अंगावर हात टाकणाऱ्यांना आवरण्यात झाली असती, तर पुढच्या तीन पिढ्यांचं आयुष्य वेगळं झालं असतं.

हीच रीत २००५ साली कायद्याच्या रूपात उभी राहिली. महाराष्ट्र सरकारनं डान्सबार बंद केले. मुंबई पोलीस कायद्यात ३३-अ आणि ३३-ब अशी दोन कलमं घातली. पहिल्यानं साध्या हॉटेलांत, परमिट रूममध्ये, बिअर बारमध्ये नाच बंद केला. दुसऱ्यानं तीन तारे आणि त्याहून वरच्या हॉटेलांना, क्लबांना, जिमखान्यांना मोकळीक दिली. विधिमंडळानं हे एकमतानं मंजूर केलं. महाराष्ट्राच्या सभागृहात एकाही आमदाराला प्रश्न पडला नाही, की जो नाच गरिबाच्या बारमध्ये समाज बिघडवतो तो श्रीमंताच्या हॉटेलात कसा चालतो? तो प्रश्न न्यायालयाला पडला. मुंबई उच्च न्यायालयानं १२ एप्रिल २००६ रोजी बंदी रद्द केली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. श्रीमंतांची नीती वरच्या दर्जाची आणि साध्या बारमध्ये जाणाऱ्यांची हलकी, हे गृहीतकच न्यायालयानं अमान्य केलं. तरी सरकार थांबलं नाही. २०१४ साली नवी दुरुस्ती आली, २०१६ साली नवा कायदा आला. त्यातल्या अटी अशा, की परवाना कोणालाच मिळू नये. शाळा आणि देवळापासून एक किलोमीटर अंतर, नाचाच्या जागी कॅमेरे, बार आणि नाचाची जागा यांच्यामध्ये भिंत. १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं या अटीही काढून टाकल्या. नोटा उधळायला मनाई मात्र ठेवली, आणि ती योग्यच आहे, कारण बाईच्या अंगावर पैसे फेकणं हा अपमान आहे.

चौदा वर्षं ही लढाई चालली. बंदीमुळे ७५,००० स्त्रियांचा रोजगार गेला, असा आकडा न्यायालयापुढे मांडला गेला होता. त्या वर्षांत आपण टीव्हीवर काय पाहिलं? छापे, पोलिसांच्या गाडीत कोंबलेल्या, दुपट्ट्यानं तोंड झाकलेल्या बायका. बारमध्ये बसलेल्या पुरुषांवर कॅमेरा क्वचितच रोखला गेला. त्या बायका बारमध्ये का आल्या, त्यांच्यातल्या कित्येकींच्या समाजांत नाचाखेरीज दुसरा धंदा पिढ्यान् पिढ्या का नव्हता, बंदीनंतर त्या कुठे गेल्या, याची विचारपूस करणाऱ्या स्त्री-संघटना आणि संशोधक बोटांवर मोजण्याइतके होते. बाकीच्या सभ्य महाराष्ट्रानं टाळ्या वाजवल्या. बाईच्या प्रतिष्ठेसाठी बंदी, असं सांगून तिच्या हातची मिळकत काढून घेतली आणि तिला आणखी अंधाऱ्या जागी ढकललं. डान्सबारमध्ये शोषण नव्हतं असं मी म्हणत नाही. होतं, आणि भयंकर होतं. म्हणूनच तिथे कामगार कायदा हवा होता, तक्रार ऐकणारी समिती हवी होती, रात्री घरी सोडणारी गाडी हवी होती. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. बार, कलाकेंद्र, फडाची राहुटी ही कामाचीच ठिकाणं आहेत, हे मानून तिथे तो पोचवायला कोणतं सरकार गेलं?

शहरातल्या पबची गोष्ट वेगळी वाटेल, पण फरक फक्त रोषणाईचा आहे. मंगळूरच्या एका पबमध्ये २४ जानेवारी २००९ रोजी श्रीराम सेनेच्या लोकांनी शिरून मुलींना झोडपलं. सगळ्या देशानं ते पडद्यावर पाहिलं, आणि २०१८ साली आरोपी निर्दोष सुटले. अंधेरीतल्या आंबोलीला २०११ साली आपल्या मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना हटकलं म्हणून दोन तरुणांवर हॉटेलबाहेर भर रस्त्यात वार झाले. दोघंही गेले. बघणारे बघत राहिले. २०१६ साली चौघांना जन्मठेप झाली, पण बघणाऱ्यांवर कोणताही खटला चालत नाही. तो त्यांच्या विवेकानं चालवायचा असतो.

याच पबच्या दारात ‘फक्त जोडप्यांना प्रवेश’ अशी पाटी असते, आणि जोडपं म्हणजे कोण हे दारावरचा बाउन्सर ठरवतो. दोन पुरुष किंवा दोन बायका हातात हात घालून आल्या की त्यांना अडवता येतं. तृतीयपंथी व्यक्ती आली की ‘आतल्या पाहुण्यांना अवघडल्यासारखं होतं’. पुण्यातल्या एका मॉलच्या दारात २०१८ साली एका तृतीयपंथी कार्यकर्तीला अडवलं गेलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ सालीच स्पष्ट केलं होतं, की लिंगावरून भेदभाव नको या वचनात लिंगभावाची ओळखही येते. २०१९ च्या कायद्यानं लोकांसाठी खुल्या असलेल्या जागी तृतीयपंथीयांना प्रवेश नाकारणं हा गुन्हा ठरवला, सहा महिने ते दोन वर्षं कैदेची तरतूद केली. दारावर उभ्या असलेल्या किती माणसांना त्यांच्या मालकानं हा कायदा सांगितला आहे? लग्नात, बारशाला, नव्या दुकानाच्या उद्घाटनाला ज्यांचा आशीर्वाद घेतो त्यांना शेजारच्या टेबलावर बसू द्यायला आपल्याला त्रास होतो.

आवाजाचा त्रास खरा असतो, हेही सांगितलं पाहिजे. म्हातारी माणसं, आजारी माणसं, परीक्षेची मुलं यांना झोप हवी. त्यासाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री दहाची मर्यादा आहे, वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत सूट देण्याची सोय आहे. तो नियम सर्वांना सारखा लावा. मोठ्या मंडळाच्या भिंतीएवढ्या स्पीकरांपुढे हात जोडणारे पोलीस तमाशाचा वग दहाच्या ठोक्याला अर्ध्यावर तोडतात आणि भीमजयंतीच्या डीजेवर लगेच कारवाई करतात, तेव्हा तो नियम ध्वनीचा राहत नाही.

सुरक्षितता हा शब्द आपण इतका उलटा वापरला आहे, की तिचा खरा अर्थ पाहायला प्रेतं मोजावी लागतात. कमला मिलच्या आवारातल्या पबला २८ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली आणि १४ जण गेले. गोव्यात हडफड्याच्या नाइट क्लबला डिसेंबर २०२५ मध्ये आग लागली. २५ जण गेले, त्यांतले बहुतेक दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेले तिथलेच कामगार. रात्रीच्या जागांवर लक्ष ठेवण्याचा हक्क सांगणाऱ्या यंत्रणेनं बाहेर पडायची वाट मोकळी आहे का, एवढं जरी नेमानं पाहिलं असतं, तरी ही माणसं आज असती. मुलीच्या स्कर्टची लांबी, गिऱ्हाइकाचा धर्म, विनोदी कलावंताचा विनोद यांवर पहारा ठेवायला आपल्याकडे माणसं आहेत. मुंबईत खारच्या एका छोट्या रंगमंचाची मार्च २०२५ मध्ये एका विनोदी कार्यक्रमावरून मोडतोड झाली. मोडतोड करणाऱ्यांनी ती अभिमानानं केली, आणि लगोलग महापालिकेचे कर्मचारी हातोडे घेऊन त्याच जागेत पोचले.

मांडव, फड, बार, पब चालवणारे म्हणतात, आम्ही काय करणार, वरून दबाव येतो. परवान्यासाठी तुम्ही पंधरा कार्यालयांचे उंबरे झिजवता, तेव्हा एवढं तरी मागा, की परवान्याच्या अटींत पंधराव्या अनुच्छेदाचा उल्लेख असावा आणि जात, धर्म, लिंग, लिंगभाव पाहून प्रवेश नाकारणाऱ्याचा परवाना जावा. दारावरच्या माणसाला दंडाच्या ताकदीबरोबर कायद्याची चार वाक्यंही शिकवा. आत कोणाचा अपमान झाला तर तक्रार कोणाकडे करायची, ते नाव भिंतीवर लावा. पोलिसांनी हल्लेखोरांवर गुन्हा नोंदवताना जागेच्या मालकालाच दटावण्याची सवय सोडावी.

आणि आपण, तिकीट काढून आत बसणारे? ज्या गरब्याच्या दारात आधार कार्ड मागतात तिथे पाऊल ठेवू नका, आणि का ठेवत नाही ते आयोजकांना तोंडावर सांगा. शेजारच्या टेबलावरच्या जोडीला कोणी उठवू लागला तर तुम्हीही उठून उभे राहा. फडात कोणी बाईच्या किंवा नाच्याच्या अंगाला हात घातला, तर पुढच्या रांगेतल्या पाटलाकडे न पाहता त्याला तिथल्या तिथे बाहेर काढा.

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी तिथे येऊन यात्रेच्या सुपाऱ्या ठरवतात. येत्या हंगामात तिथे जाणाऱ्या प्रत्येक यात्रा कमिटीनं बिदागीच्या आकड्याखाली आणखी तीन गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात: कलावंतांना कपडे बदलायला दार लागणारी खोली, बोर्डासमोर दोन महिला पोलीस, आणि गावातल्या कोणत्याही वस्तीतल्या माणसाला बसायला पुढची रांग. ज्या गावाला हे लिहून देता येणार नाही, त्या गावाची सुपारी फडमालकांनी एकजुटीनं नाकारावी, आणि त्या फडांचं बुडालेलं उत्पन्न त्या हंगामात राज्य सरकारनं भरून द्यावं.